मागच्या दारी पाणी मागणारा माणूस

गोठणकरकाकांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हा माणूस शिष्ट आहे, असं मी पाच मिनिटांत ठरवून टाकलं. कुवेतमधल्या अर्दियाच्या इंडस्ट्रियल भागात आमच्या कंपनीचं ऑफिस होतं. खाली वायरींची बंडलं आणि पाईप, वर पत्र्याच्या खोलीत मुदीर, म्हणजे आमचे इजिप्तचे मॅनेजर, आणि त्यांच्यासमोर एक कॉम्प्युटर घेऊन मी. नोकरीचा पहिला दिवस होता. मुदीर म्हणाले, "हे गोठणकर. जुन्या घरांच्या वायरिंगचे भाव हे काढतात. तू टाईप करायचे." कुवेतच्या ऑफिसात मराठी माणूस भेटला म्हणून मी हरखून दोन्ही हात जोडले. समोरच्या माणसाने उजवा हात जरासा छातीशी नेला. डावा विजारीच्या खिशात होता तो तिथेच राहिला. साठीकडे झुकलेला, किडकिडीत, कानावर पेन्सिल, पायात जाड रबरी तळाचे बूट. नमस्काराला हात काढवत नाही म्हणजे काय, हे मी त्या दिवशी घरी जाऊन नवऱ्याला तीनदा ऐकवलं.

पुढे आठवडाभरात दिसलं की ते चहाही तसाच पितात आणि डबाही तसाच खातात. कारण मला फोरमनने सांगितलं. चालू बोर्डात हात घालायची वेळ आलीच तर एकच घालायचा, दुसरा खिशात. दोन्ही आत असले आणि झटका बसला तर वीज एका हाताने शिरून छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. सवय मोडू नये म्हणून काका ती दिवसभर चालवायचे. मी एकदा चेष्टेने विचारलं, "काका, गावी गेल्यावर तरी हाताला सुट्टी देता की नाही?"

ते म्हणाले, "मॅडम, मी हयसर इलंय तेव्हा बाजूच्या गावचो भिकू माझ्याबरोबर होतो. त्याचे दोनव हात बोर्डात होते."

एवढंच बोलले आणि डब्यातल्या बांगड्याचे काटे काढत बसले. मी तो विषय परत काढला नाही.

मी मुळातच भित्री. नाशिकला असताना गिझर बंद केला की नाही हे बघायला अर्ध्या रस्त्यातून घरी परत आलेली बाई मी. नवरा हसतो, मुलगी तर "आई, रिलॅक्स" म्हणून कानात हेडफोन घालते. माझ्या भीतीला आयुष्यात कोणी किंमत दिली असेल तर ती एकट्या गोठणकरकाकांनी. त्यांचा सगळा हिशेबच भीतीवर चालायचा.

हे जरा नीट सांगायला हवं. नव्या घराच्या वायरिंगचा भाव काढणं सोपं असतं. दिव्यांचे, पंख्यांचे, एसीचे पॉइंट मोजायचे, वायर धरायची, मजुरी धरायची आणि बेरीज करायची. ते काम मीसुद्धा महिन्याभरात शिकले. जुन्या घरात मात्र खरा मामला प्लास्टरच्या आत असतो. इथले जुने बंगले आजोबांनी बांधलेले. मग मुलांची लग्नं झाली तशा खोल्या वाढल्या, मागे ड्रायव्हरची खोली आली, मोलकरणींची आली, धुण्याचं शेड आलं, आणि प्रत्येक नव्या खोलीला जवळच्या जुन्या बोर्डातून एक वायर ओढून दिलेली. आत कुठे जोड आहे, कुठली वायर उन्हाने वाळून तडकली आहे, हे भिंत फोडल्याशिवाय कळत नाही. आणि भाव तर भिंत फोडायच्या आधी द्यायचा असतो. दुसऱ्या कंपन्यांची माणसं खोल्या मोजून, मालकाचा चहा पिऊन दहा मिनिटांत आकडा सांगत आणि निघत.

काका आधी घरभर फिरायचे. बटणांच्या पट्ट्या हुंगायचे. जळक्या प्लास्टिकचा वास त्यांना आमच्या आधी यायचा. भिंतीला हात लावायचा तर उलटा, हाताची मागची बाजू. करंट असला तर बोटं आवळतात, सुलटा हात भिंतीला चिकटून राहतो आणि उलटा आपोआप सुटतो, असं ते म्हणत. हे सगळं झालं की मालकाला सलाम करून बाहेर पडायचे, घराला वळसा घालायचे आणि मागच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभे राहायचे.

"थोडा पानी मिलेगा?"

आतून कोणीतरी पाणी आणायचं. आंध्रातली स्वयंपाकीण, श्रीलंकेची बाई, कधी केरळचा ड्रायव्हर. काका उभ्यानेच, अगदी सावकाश, पेल्यात थेंब राहणार नाही असं पाणी प्यायचे. पेला परत द्यायचे आणि मग, जसं काही आत्ताच आठवलं असं विचारायचे, "इधर कौनसा बटन को हाथ लगाने को डर लगता?"

लोक सांगायचे. पहिल्यांदा मी बरोबर गेले तेव्हा चकितच झाले. घराच्या मालकाला ज्याचा पत्ता नाही ते सगळं मागच्या दारी ठाऊक असायचं. एका घरात इस्त्रीवाली बाई फ्रीज उघडायच्या आधी मुद्दाम चप्पल घालायची. एका घरात ड्रायव्हर फाटकाची बेल कधीच वाजवायचा नाही, हॉर्न वाजवायचा, आणि मालक त्यावरून त्याला रोज शिव्या द्यायचा. काका वहीत घराचा नकाशा काढायचे आणि भीतीच्या प्रत्येक जागी एक फुली मारायचे. ऑफिसात आलं की मी विचारायची, "किती फुल्या?" एका फुलीला एक पूर्ण लाईन नवी, असा त्यांचा हिशेब. त्या सगळ्या फुल्यांची मिळून अंदाजपत्रकाच्या शेवटी एक ओळ यायची. ते तिला 'भिंतीतला' म्हणत, मी तिचं शुद्ध इंग्रजी करून टाईप करायची. गिऱ्हाईक नेमकं त्या ओळीवर बोट ठेवायचं.

मुदीरही ठेवायचे. "गोठणकर, व्हॉट इज इनसाइड द वॉल? गोल्ड?"

काका म्हणायचे, "नो गोल्ड सर. ओल्ड वायर." आणि ओळ काढायला नकार द्यायचे. त्यामुळे आमचा भाव नेहमी चढा, आणि चारांतली दोन कामं दुसरीकडे जायची. मुदीर डोक्याला हात लावायचे.

एका घराचा तर त्यांनी भावच दिला नाही. तिथे मागच्या दारी पाणी देणाऱ्या बाईंनी सांगितलं की मला कशाची भीती नाही, पण मुलं न्हाणीघरात काहीतरी खेळतात, तुम्ही बघा. आम्ही आत गेलो. पाच-सहा वर्षांची दोन मुलं होती. खेळ असा, की ओल्या बोटाने नळाला हात लावायचा आणि कोण जास्त वेळ ठेवतो ते बघायचं. "नम्ला, नम्ला," करून खिदळत होती. नम्ला म्हणजे मुंगी. नळाला हात लावला की बोटात मुंग्या येतात. काकांनी आधी दोघांना नळापासून दूर व्हायला लावलं. काकांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी मुलांना बाहेर काढलं, बोर्डातून गिझरचा फ्यूज उपटला आणि खिशात टाकला. मालक दिवाणखान्यातून ओरडत आला तर म्हणाले, "नया हीटर लाओ, फ्यूज देता." गिऱ्हाईक गेलं. फ्यूज चार दिवस आमच्या ऑफिसात माझ्या टेबलावर होता. मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. पाचव्या दिवशी मालकाचा ड्रायव्हर नव्या हीटरचा फोटो घेऊन आला तेव्हा काकांनी तो परत दिला.

बोर्डात हात घालणाऱ्या या माणसाला एकाच गोष्टीची जाहीर भीती होती, माझ्या ड्रायव्हिंगची. साइटवर जाताना गाडी मी चालवायची. गोल चौक आला की काकांचा उजवा हात दाराच्या कडीवर, डावा खिशात, आणि तोंडाने देवाचं नाव. "बाय, दमान," म्हणायचे. कधीतरी अशाच एका चौकात मॅडमची मी बाय झाले आणि तुमीचं तू झालं.

एकदा परतीच्या वाटेवर मी विचारलं होतं, "काका, मालकालाच का नाही विचारत? त्याचंच घर ना?"

"बाय, मालक भियणा नाय. तो बटनाक हात लावताच कधी?" थोडं थांबून म्हणाले, "आणि मालकासमोर दुसऱ्याक इचारूचा नाय. मालकासमोर भियाचा कोण सांगणा नाय."

मी हो हो म्हटलं. त्या वेळी पुढच्या ट्रकला ओलांडायच्या नादात होते.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात काका मुलीच्या लग्नासाठी देवगडकडे गावी गेले. दीड महिन्याची रजा. ते निघायच्या आदल्याच दिवशी कैफानमधलं एक काम आलं, जुना दुमजली बंगला, मागे अंगण, अंगणात बाहेरचं स्वयंपाकघर आणि धुण्याचं शेड. मुदीर म्हणाले, "तू दोन वर्षं त्याच्याबरोबर फिरते आहेस. जा, भाव काढ." मला काय आनंद झाला! कानावर पेन्सिल लावायचीच काय ती बाकी होती. त्या उन्हाळ्यात नवऱ्याच्या प्लांटवर माणसं कमी करत होते, रोज एकाचं नाव कानावर येत होतं. माझी नोकरी पक्की व्हावी, पगार वाढावा, हेही मनात होतं. खोटं कशाला बोलू.

बंगल्याची मालकीण पन्नाशीची, बोलकी बाई होती. तिने मला घरभर स्वतः हिंडवलं. मी बटणं हुंगली, भिंतींना उलटा हात लावला. शेवटी मागच्या अंगणात आलो. तिथे रमणम्मा नावाची कडप्याकडची स्वयंपाकीण टोपभर भाताची पेज काढत होती. मी पाणी मागितलं. तिने दिलं. मी काकांसारखी सावकाश प्यायले आणि विचारलं, "इधर कौनसा बटन से डर लगता?"

मालकीण माझ्या शेजारी उभी होती. हसत होती. "बोलो, बोलो," ती म्हणाली.

रमणम्माने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "माफी मुश्कील," ती म्हणाली. काही अडचण नाही. शेडमधल्या धुण्याच्या मशीनवर एक लाकडी डाव ठेवलेला होता. तो मी पाहिला. स्वयंपाकघरातला डाव धुण्याच्या मशीनवर का, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला नाही.

वहीत मी लिहिलं, 'मागचा भाग ठीक'. एकही फुली नाही. शेवटची ओळ काढून टाकली. भाव इतका सुबक बसला की मुदीरनी स्वतः उठून मला कॉफी आणून दिली. काम आम्हाला मिळालं. आमची माणसं गेली, त्यांनी पुढच्या घरातलं सगळं जुनं काढलं, नवीन प्लास्टिकचे पाईप भिंतीत घातले, नवी वायर ओढली. मागच्या अंगणाची जुनी लाईन कागदाप्रमाणे आहे तशी नव्या बोर्डाला जोडून दिली.

काका रजेवरून आले तो बुधवार होता. ऑगस्टची सकाळ, अकराचा सुमार. ऑफिसात शिरले, मला गावचे काजू दिले, आणि मी प्रगतिपुस्तक दाखवावं तशी माझी वही त्यांच्यापुढे ठेवली. "बघा, एकटीने काढलाय. परवाच काम संपलं."

त्यांनी नकाशा बघितला. पान उलटलं, परत मागे आले.

"फुली खय?"

"नाहीये. विचारलं मी. कोणाला कसली भीती नाही म्हणाले."

"एवढ्या जुन्या घरात कोणच भियणा नाय?" त्यांचा आवाज एकदम खाली आला. "कोणासमोर इचारलंस?"

मला मालकिणीचं "बोलो, बोलो" आठवलं. माझं उत्तर त्यांना तोंडावरच दिसलं असणार.

"पुढल्या घरातले जुने पायप कसले होते? लोखंडी?"

"हो. सगळे काढले. गंजलेले होते."

काकांचा डावा हात खिशातून बाहेर आला आणि माझ्या टेबलाची कड धरून राहिला. तीन वर्षांत तो हात मी असा पहिल्यांदा पाहिला. ते हळू बोलले, पण एकेक शब्द मला आजही ऐकू येतो. जुन्या घरांत अर्थिंगची वेगळी तार नसते. वायर ज्या लोखंडी पाईपांतून जाते तेच पाईप गळकी वीज जमिनीपर्यंत नेतात. मागच्या शेडला जी काही थोडीफार वाट होती ती पुढच्या घराच्या त्या गंजक्या पाईपांतून. आम्ही पाईप काढून प्लास्टिक घातलं. म्हणजे मशीनमधली वीज इतके दिवस नुसती चिमटे काढत असेल, तर आता तिला जायला वाट राहिली नाही. आता तिला जी वाट मिळेल ती ओल्या हाताच्या माणसातून.

"गाडी काढ."

मी मालकिणीला फोन लावला. वाजत राहिला. इथे उन्हाळ्यात अकरा-बारापर्यंत मोठी घरं झोपलेली असतात. परत लावला. रमणम्माचा नंबर माझ्याकडे नव्हता, आणि तिच्याकडे कामाच्या वेळी फोन असेल की नाही हेही माहीत नव्हतं.

तो रस्ता एरवी वीस मिनिटांचा. स्टीअरिंग उन्हाने इतकं तापलेलं की हात टेकवत नव्हता. काम संपलं परवा. म्हणजे परवा दुपार, काल पूर्ण दिवस, आज सकाळ. ती रोज कपडे धुते. माझ्या डोळ्यांसमोर ती टोपावर वाकलेलीच येत होती. मी चौक कसे ओलांडले मला माहीत नाही. एका चौकात तर शेजारची गाडी करकचून थांबली. काका एकदाही "दमान" म्हणाले नाहीत. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मागचं फाटक उघडं होतं. अंगणातली फरशी ओली. शेडमध्ये मशीनसमोर रमणम्मा उभी होती, कोपरापर्यंत भिजलेली, पाठमोरी.

"रमणम्मा! हात मत लगाओ!" काका फाटकातूनच ओरडले.

ती दचकून वळली. तिच्या हातात तो लाकडी डाव होता. डावाच्या दांड्याने ती मशीनचं बटण दाबणार होती. मग मला कळलं तो डाव तिथे का होता ते. किती वर्षं तिथे होता कोण जाणे.

काकांनी तिला दोन पावलं मागे, कोरड्या पायरीवर यायला सांगितलं. डावा हात खिशात घालून ते पुढे झाले आणि उजव्या हाताने टेस्टर मशीनच्या पत्र्याला टेकवला. टेस्टरमधला दिवा भक्कन पेटला, नुसत्या पत्र्यावर. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. आत जाऊन मेन स्विच पाडला. घरभरचे एसी एकदम थांबले आणि इतकी शांतता झाली की नळाचे थेंब ऐकू यायला लागले.

मग त्यांनी विचारलं, "कभी मारा तुमको?"

रमणम्माने उजवा तळहात पुढे केला. बोटांच्या मुळाशी एक करपलेला पांढरा डाग होता. "पहले थोडा काटता था साब, हमेशा. लकडी से चलाती मैं. आज सुबू कपडा निकालते टाइम जोर से मारा. पीछू गिर गई मैं." ती पडली म्हणून वाचली. मशीनला चिकटून राहिली असती तर... आणि उठून, कोणाला काही न सांगता, ती दुसरा घाणा लावायला निघाली होती.

एसी बंद पडल्यामुळे मालकीण जागी होऊन बाहेर आली. प्रकार कळल्यावर ती पांढरीफटक पडली. "मला का नाही सांगितलंस?" म्हणून रमणम्माला गदागदा हलवायला लागली, आणि मग स्वतःच रडायला लागली. बाई वाईट नव्हती. तिने रमणम्माला आतल्या सोफ्यावर बसवलं, ताकाचा पेला दिला. रमणम्मा सोफ्याच्या अगदी कडेवर, ओले कपडे टेकू नयेत अशी बसली होती. तिने का नाही सांगितलं हे मला माहीत होतं. मालकिणीने मशीन मोडलंस म्हणून घरी पाठवलं तर, या भीतीपुढे मशीनची भीती तिला लहान वाटत होती. काकांना हे सगळ्या घरांत माहीत असायचं. मी दोन वर्षं त्यांच्या मागे हिंडून प्रश्न तेवढा पाठ केला होता.

त्या दिवशी काका तिथेच थांबले. संध्याकाळपर्यंत मागच्या भागाला जमिनीत नवीन अर्थिंग गाडून, नवी तार ओढूनच उठले.

दुसऱ्या दिवशी मालकिणीच्या मोठ्या मुलाचा मुदीरना फोन आला. काय काय बोलला कोण जाणे, मुदीरांचा कान लाल झाला होता. फोन ठेवून त्यांनी कैफानची फाईल माझ्या टेबलावर आपटली.

"हू चेक्ड द बॅक साइड?"

फाईलमध्ये टाईप केलेला कागद होता. त्यावर सही नव्हती, कंपनीचा शिक्का होता. भाव काढायला मला त्यांनीच पाठवलं होतं, पण मागचा भाग नेमका कोणी तपासला ते कागदावर नव्हतं. मी तोंड उघडलं. मला नवऱ्याच्या प्लांटवरच्या याद्या आठवल्या, मुलीच्या शाळेचं वर्ष आठवलं.

"आय, सर," काका म्हणाले.

"तुम तो इंडिया में था!"

"जाने के पहले देखा. मैडम ने मेरा नोट टाइप किया. पीछे का मेरा गलती."

मुदीरनी माझ्याकडे बघितलं. मी कॉम्प्युटरकडे बघत राहिले. पडद्यावर काहीच नव्हतं, कंपनीचं बोधचिन्ह गोल गोल फिरत होतं. मी ते किती वेळ बघत बसले ते सांगायची मला आजही लाज वाटते. काका माझ्याकडे एकदाही वळले नाहीत. विचारलं नाही, खूण केली नाही, खाकरलेसुद्धा नाहीत.

दोन महिन्यांनी त्यांचं कंत्राट संपत होतं. ते पुढे वाढवलं गेलं नाही. कागदावर कारण वयाचं होतं.

त्या दोन महिन्यांत मी रोज ठरवायची की आज बोलायचं, आणि रोज मुदीर समोर असायचे. काका पूर्वीसारखेच वागत. वही माझ्याकडे देत, मी फुल्या मोजत. मला वाटायचं त्यांनी एकदा रागावून बोलावं. त्यांनी मला शेवटची पंधरा घरं मात्र एकटीला दाखवली, मागच्या दारी मला पुढे उभं करून आणि स्वतः फाटकाबाहेर थांबून.

ते जाणार होते तो शुक्रवार होता, सकाळी. मी लाडवांचा डबा घेऊन फरवानियाला त्यांच्या बिल्डिंगखाली गेले. खाली मोबाईलची दुकानं, पैसे पाठवायच्या ऑफिससमोर रांगा, बसथांब्यावरची गर्दी. जिन्याच्या तळाशी दोन बॅगा आणि दोरीने बांधलेला टीव्हीचा खोका घेऊन काका बसले होते. कंपनीची व्हॅन यायची होती. मी डबा दिला. बोलायला शब्द जुळवत होते तेवढ्यात तेच म्हणाले,

"बाय, पाणी आसा?"

माझ्या पर्समध्ये बाटली होती. ती दिली. काका उठून उभे राहिले आणि प्यायला लागले. सावकाश, एकेक घोट. मला आधी काही लक्षात आलं नाही. बाटली तळाला आली तेव्हा मला मागच्या दारचा पेला आठवला. त्यांनी शेवटचा थेंब प्यायला, झाकण लावून बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले,

"आता सांग. कित्याक भियत होतंस?"

मी त्या जिन्यात, येणाऱ्याजाणाऱ्या माणसांसमोर रडले. सगळं सांगितलं. नवऱ्याची नोकरी, मुलीची शाळा, मालकीण शेजारी उभी असताना विचारलं ते, दिसलेला डाव, आणि पडद्यावर गरगर फिरणारं ते चिन्ह. "मी बोलायला हवं होतं काका. तुम्ही नुसतं माझ्याकडे बघितलं असतंत ना, तरी मी बोलले असते."

"ता माका ठावक होता," ते म्हणाले. "पण मुदीर समोर होतो. त्याच्यासमोर तुका कसो इचारतलंय?"

व्हॅन आली. मी एक बॅग उचलून दिली. काका पुढच्या सीटवर बसले, पासपोर्ट आणि तिकीट उजव्या हातात धरलेलं, लाडवांचा डबा मांडीवर. ड्रायव्हरने गाडी वळवली. आणि मग खिडकीतून त्यांचा डावा हात बाहेर आला. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत तो हलताना दिसत होता.